एका खिळ्यावरचे साचे

"मग सोमवारी काय होतं?" आक्कानं विचारलं.

व्यापारी मंडळाचे अध्यक्ष काउंटरवर रंगीत पट्ट्यांचं खोकं ठेवून उभे होते. सात रंगांच्या कागदी पट्ट्या, मागे गोंद, काचेवर नुसत्या दाबायच्या. पुरुषांवर जीव असलेले पुरुष, बायकांवर जीव असलेल्या बायका, जन्माच्या वेळी लावलेली ओळख सोडून आपल्या खऱ्या ओळखीनं जगणारी माणसं, अशा सगळ्यांच्या सन्मानाचा आठवडा शहरानं जाहीर केला होता. बाजारातल्या प्रत्येक दुकानानं पट्टी लावायची असं मंडळात ठरलं होतं.

"सोमवारी काढून टाकायच्या," अध्यक्ष म्हणाले. "रविवारी आठवडा संपतो ना. पुढे शाळेच्या सेलच्या पट्ट्या लावायच्यात."

"म्हणजे सोमवारपासून त्या लोकांनी यायचं नाही?"

"असं कुठे म्हटलं मी? येऊ देत की. फक्त पट्टी काढायची."

आक्का तिच्या ठेंगण्या स्टुलावर बसून एका लाकडी साच्याची टाच कानशीनं घासत होती. तिनं मान वर केली नाही. "राहू द्या मग. लावायची आणि आठ दिवसांनी गोंद खरवडत बसायचं, एवढा वेळ नाही मला."

अध्यक्ष हसले आणि माझ्याकडे वळले. "मास्तर, तुम्ही तरी समजवा हो यांना." मी रंगाच्या डबीत पाहत राहिलो. अशा वेळी मला नेहमीच डबीत काहीतरी पाहण्यासारखं सापडतं.

आक्काचं दुकान चपलाबुटांचं. तयार माल पुढच्या कप्प्यांवर असतो, पण दुकानाचं नाव आहे ते मापावर शिवलेल्या बुटांसाठी. मापाच्या गिऱ्हाइकाच्या पायांचे लाकडी साचे बनतात, एक उजवा, एक डावा. टाचेवर काळ्या रंगात नाव पडतं आणि जोड काउंटरमागच्या भिंतीवर टांगला जातो. पुन्हा बूट हवे झाले की नुसता निरोप पाठवायचा. ही रीत आक्काच्या वडिलांची. नवराबायकोचे साचे एका नाडीनं बांधून एकाच खिळ्यावर टांगायचे, हीसुद्धा त्यांचीच. दोघांतलं एक गेलं तरी नाडी सोडायची नाही. दुसरंही गेलं की मगच साचे खाली उतरतात आणि घरच्यांच्या हाती दिले जातात. बाजारात गमतीनं म्हणतात की नोंदणी कचेरीत झालेलं लग्न मोडता येतं, आक्काच्या खिळ्यावरचं नाही.

टाचेवर नावं घालायचं काम माझं. जन्मभर मी एका छापखान्यात मुद्रितं तपासली. दुसऱ्यांच्या चुका शोधता शोधता स्वतः चार ओळी लिहायचा धीर कधी झाला नाही. अक्षर मात्र वळणदार राहिलं. मास्तर मी कुठल्याच शाळेत नव्हतो. चष्मा आणि बगलेतलं पुस्तक एवढ्या भांडवलावर बाजारानं मला मास्तर करून टाकलं, आणि ती चूक दुरुस्त करायचं माझ्याच्यानं झालं नाही.

आक्काचे वडील म्हणायचे, बाईमाणसानं परक्या पुरुषाच्या पायाशी बसू नये. मग त्यांचे हात थरथरायला लागले आणि मापं चुकायला लागली. एके सकाळी आक्कानं स्टूल ओढलं आणि बसली. तेव्हापासून उठायला सवडच झाली नाही, असं ती सांगते. जाड अंगाची, कमी बोलणारी बाई. चष्मा बुटाच्या नाडीनं गळ्यात अडकवलेला. रस्त्यात चेहरा पाहून ती ओळख देत नाही, पायात काय आहे ते पाहून देते. अध्यक्षांना तिनं एकदा बाजारात ओळखलंच नाही, कारण त्यांनी दुसरीकडून बूट घेतले होते. निदान अध्यक्षांचा तसा समज आहे.

पट्टी तिनं लावली नाही ती हट्टानं, असं लोकांना वाटलं. मी त्या दुकानात रोज बसतो, म्हणून मला वेगळं दिसतं.

टपाल वाटणाऱ्या बाईंचंच घ्या. पूर्वी लोक त्यांना पुरुष म्हणून ओळखत. त्याच रस्त्यांवर, तीच पिशवी खांद्याला लावून हिंडायच्या. मग त्यांनी नाव बदललं, राहणी बदलली, आणि बदली मात्र मागितली नाही. एका सकाळी त्या आमच्या दारात आल्या आणि उंबऱ्यातच थांबल्या. आक्कानं पायांकडे पाहिलं. "डावी टाच झिजलीय," म्हणाली. "बसा." मग नवं नाव विचारलं, एकदाच. भिंतीवरून त्यांचे साचे काढले, जुनं नाव कानशीनं घासलं, भुसा त्यांच्यादेखत फुंकून टाकला आणि साचे माझ्यापुढे सरकवले. "पाय तेच आहेत. नवं लाकूड कशाला वाया घालवायचं?"

त्या वर्षापासून दुकानात मोठ्या मापाच्या बायकी चपला असतात, लहान मापाचे पुरुषी बूटही असतात, आणि ते आतल्या खोक्यांत नसतात. पुढच्या कप्प्यावर, बाकीच्यांच्या ओळीत, बारा महिने. अशानं कप्पा अडतो, अशी कारागिराची तक्रार होती. आक्काचं म्हणणं, जे कुजबुजून मागावं लागतं ते घ्यायला गिऱ्हाईक दुसऱ्यांदा येत नाही. कारागीर एकदा टपालवाल्या बाईंना चुकून "साहेब" म्हणाला. आक्कानं त्याला तिथल्या तिथे, त्यांच्यासमोर दुरुस्त केलं, आणि पुन्हा तो विषय काढला नाही. मुद्रितं तपासणारा माणूस म्हणून मला ती दुरुस्ती फार आवडली. चूक एका रेघेत खोडली, समासात भाषण लिहिलं नाही.

आता थोडं स्वतःविषयी सांगावं लागेल. ते मला जमत नाही, पण त्यावाचून पुढचं कळणार नाही.

मी आणि तो, कागदविक्याच्या दुकानावरच्या दोन खोल्यांत आम्ही आयुष्य काढलं. तो पाणीखात्यात होता, घरोघरी जाऊन मीटरचे आकडे टिपायचा. दिवसभर जिने चढायचे, जिने उतरायचे. सारा बाजार त्याला मीटरवाला म्हणायचा. तो बोलका, मी घुम्या. भाडं वाचवायला दोघे मित्र एकत्र राहतात, असा लोकांचा सोयीचा समज होता. आक्काला आम्ही काहीच सांगितलं नव्हतं. पण त्याची कंबर धरायला लागल्यावर मीच वाकून त्याच्या बुटाच्या नाड्या सोडायचो, बांधायचो. घरी करायचो तसं दुकानातही करायचो, माझ्या ध्यानातही न येता.

एकदा त्याचे नवे बूट आणायला गेलो, तर आमचे साचे एका खिळ्यावर होते. चार पाय, एक नाडी. माझे कान तापले. तो मात्र खळखळून हसला. "काय आक्का, विचारायचं तरी आम्हाला."

"विचारलं असतं तर मास्तर नको म्हणाले असते," आक्का म्हणाली.

खरं होतं ते.

गेल्या थंडीत तो गेला. साचे रीतीप्रमाणे तिथेच राहिले, जिन्याकडच्या कोपऱ्यात, थोड्या अंधारात.

पट्ट्यांचा आठवडा झाला. सोमवारी सकाळी सगळ्या बाजारात नखांनी काच खरवडल्याचा आवाज चालला होता. पट्ट्या निघाल्या, गोंदाचे डाग राहिले, आणि त्या डागांवर शाळेच्या सेलच्या पट्ट्या बसल्या.

शाळेचे बूट आक्काच करते. रस्त्याच्या टोकाला शाळा आहे. सगळ्या पोरांची मापं आमच्याकडे होतात, आणि त्या कामावर दुकानाचं अर्धं वर्ष निघतं. कारागिराचं तर सगळंच. त्याला आम्ही हातोडी म्हणतो. काटकुळा माणूस, तोंडात कायम खिळे धरलेले, त्यामुळे शिव्यासुद्धा दातांतून गाळून येतात. अध्यक्ष शाळेच्या समितीवरही आहेत, म्हणजे ते काम एका अर्थी त्यांच्याच हातात.

पोरांची रांग लागली होती. एक मुलगी माप द्यायला स्टुलासमोर उभी राहिली आणि भिंत वाचायला लागली. नुकतं वाचायला आलेलं पोर दिसेल ते वाचतं. कोपऱ्यातल्या खिळ्याशी अडली.

"इथे दोन्ही बाबांचीच नावं आहेत," ती म्हणाली.

"हो. एका घरात राहायचे दोघं," आक्का तिच्या पायाखाली कागद सरकवत म्हणाली.

"नवराबायकोसारखे?"

"तसेच. पाय हलवू नकोस."

मुलीचं समाधान झालं. मागे उभ्या असलेल्या कुणा दुसऱ्याच पोराच्या वडिलांचं झालं नाही. मी काउंटरच्या टोकाला होतो. हातातल्या साच्यावरचं अक्षर माझं बिघडलं, ते पुसून पुन्हा घालावं लागलं.

दोन दिवसांनी अध्यक्ष आले. आवाज चढवणारा माणूस नाही तो. ते म्हणाले की त्यांची स्वतःची काहीच हरकत नाही, पण पालक बोलायला लागलेत. मंडळानं आठवडाभर उघड पाठिंबा दिलाच होता, तेव्हा कुणी नाव ठेवलं नाही. पण वर्षभर, पोरांच्या डोळ्यांसमोर, म्हणजे जरा अति होतं. साचे फेकायला कोण सांगतंय? आतल्या खोलीत ठेवा. शिवाय त्या दोघांतला एक आता हयातही नाही. हे म्हणताना त्यांनी माझ्याकडे पाहायचं टाळलं, त्याबद्दल मी मनात त्यांचे आभार मानले. समितीची बैठक शनिवारी संध्याकाळी होती. त्याआधी साचे उतरलेले दिसले तर शाळेचं काम नेहमीप्रमाणे.

आक्कानं सगळं ऐकून घेतलं. "शनिवारी या," एवढंच म्हणाली.

संध्याकाळी हातोडी माझ्यामागून चालत आला. तोंडातले खिळे काढून हातात घेतलेले, तेव्हाच मी ओळखलं. "मास्तर, त्या तुमचंच ऐकतील," तो म्हणाला. "मला मीटरवाल्याचं वावडं नव्हतं. मी आजारी होतो तेव्हा जिना चढून डबा आणून द्यायचा तो, आणि डब्याबरोबर चार चावट गोष्टी फुकट. पण माझ्या दोन पोरी आहेत. तत्त्वं काही ताटात वाढता येत नाहीत. आत ठेवले तर काय बिघडलं? गेलेल्या माणसाला उजेड कशाला लागतो?"

घरी जाऊन मी पुस्तक उघडलं आणि एकाच पानावर बसून राहिलो. त्याच्या खुर्चीखाली त्याचे बूट अजून आहेत. हातोडीचं खरं होतं. माझ्या एका खिळ्यासाठी दुसऱ्याची चूल बंद पाडायची, एवढा मी कोण?

सकाळी लवकर दुकानात गेलो. वाक्य तयार होतं, वाटेत दोनदा तपासून घेतलं होतं. "आक्का, साचे उतरवा. मी घरी नेतो. माझ्यासाठी दुकान पणाला लावू नका."

"तुमच्यासाठी कोण लावतंय?" आक्का म्हणाली.

पुढचं वाक्य मी तयार केलं नव्हतं.

ती चामड्याच्या तुकड्यावरून अंगठा फिरवत राहिली. "पोरांची रांग लागते ना, मास्तर, तेव्हा सगळी ढकलाढकली करतात, पाय तुडवतात. त्यात एखादंच गप्प असतं. भिंतीकडे बघत. सगळी नावं वाचतं आणि तुमच्या खिळ्याशी थांबतं. विचारत काही नाही. पुढच्या वर्षी आलं की आधी तिकडे बघतं, ते आहेत का अजून म्हणून. मग बूट काढतं." तिनं तुकडा बाजूला ठेवला. "मी खाली बसलेली असते. खालून तोंडं नीट दिसतात."

मी जिन्याकडच्या खिळ्याकडे पाहिलं.

"बाकी साचे तुमचे आहेत. लाज वाटत असेल तर घेऊन जा. भीती वाटत असेल तर राहू द्या. भीती मलाही वाटते."

शनिवारी दुपारी अध्यक्ष आले ते बायकोला घेऊनच. बाईंच्या पायाच्या अंगठ्याचं हाड वाढलेलं, आक्काशिवाय कुणाचे बूट त्यांना सोसत नाहीत. नवा जोड तयार होता, तो घालून पाहायला त्या बाकावर बसल्या. टपालवाल्या बाई फेरी संपवून पाय मोकळे करत तिथेच बसल्या होत्या. हातोडी आतल्या दारात उभा होता.

"काय ठरलं मग?" अध्यक्षांनी विचारलं.

आक्का उठली. गिऱ्हाईक असताना ती उठत नाही, म्हणून सगळ्यांनी पाहिलं. तिनं जिन्याकडच्या कोपऱ्यात स्टूल नेलं, वर चढली आणि आमचे साचे काढून काउंटरवर आणून ठेवले.

"शहाणपणा केलात," अध्यक्ष म्हणाले. त्यांना खरंच हायसं वाटलं असावं.

आक्कानं नाडीला हात लावला तर ती तिच्या बोटांत तुटून आली. "कुजलीय," ती म्हणाली. मग खण उघडून तिनं एक नवी काळी नाडी काढली आणि साच्यांच्या उजव्या अंगाला ठेवली. डाव्या अंगाला एक कापडी पिशवी ठेवली.

"मास्तर," ती म्हणाली, "पिशवी आहे आणि नाडी आहे."

मला लोकांनी बघितलेलं सोसत नाही. छापखान्यातही मी पाठ करून बसायचो. त्या क्षणी पाचजण माझ्याकडे बघत होते, आणि मला पहिल्यांदा पिशवीच दिसली. ती घेतली की सगळं मिटणार होतं, हातोडीच्या पोरींची शाळासुद्धा. मग त्याच्या साच्याच्या टाचेवरचं नाव दिसलं. मीच घातलेलं. एक वेलांटी जरा जास्तच मोठी झाली होती. ती पाहून तो म्हणाला होता, "माझ्या नावावर छत्री धरलीस वाटतं."

मी नाडी उचलली.

साच्यांच्या भोकांतून ती एकेक करून ओवली. माझा डावा, त्याचा उजवा, त्याचा डावा, माझा उजवा. इतकी वर्षं हे काम मी वाकून केलं होतं. आज काउंटर उंच होता, वाकावं लागलं नाही.

"मास्तर, तुमच्यासारख्या वाचणाऱ्या माणसाला हे शोभतं का?" अध्यक्ष हळू म्हणाले. "पोरांचा तरी विचार करा."

"पोरांचाच करतोय," मी म्हणालो. आवाज माझ्या अपेक्षेपेक्षा मोठा निघाला, आणि निघालाच होता म्हणून मी तो तसाच राहू दिला. "आणि अध्यक्ष, तो माझा मित्र नव्हता. सगळे तसं म्हणायचे आणि मी म्हणू द्यायचो. तो माझा माणूस होता."

बाकावर टपालवाल्या बाईंनी एकदा मान हलवली, पत्ता बरोबर असल्यावर हलवावी तशी.

अध्यक्षांचा चेहरा उतरला. शाळेचं काम आता विसरा, असं ते म्हणाले. त्यांच्या हातात काही उरलं नाही, समितीला दुसऱ्या दुकानाची नावं सुचवावी लागतील, आक्कानं स्वतःच्या पायावर धोंडा पाडून घेतला, असंही म्हणाले.

आक्का खिडकीजवळच्या खिळ्याकडे गेली. तिथे अध्यक्षांचे आणि त्यांच्या बायकोचे साचे होते. तिनं नाडी सोडली आणि अध्यक्षांचे दोन साचे त्यांच्यासमोर ठेवले. "ही भिंत पटत नसेल तर हिच्यावर राहायची सक्ती नाही."

"आक्का, जोडी सोडलीत हो," टपालवाल्या बाई म्हणाल्या. "पहिल्यांदाच."

"मी नाडी सोडली. लग्न त्यांचं त्यांनी बघावं."

अध्यक्षांनी साचे बगलेत मारले आणि बायकोला म्हणाले, "चल."

बाईंचा एक पाय नव्या बुटात होता, दुसरा मोकळा. त्यांनी आधी नवऱ्याकडे पाहिलं, मग खिडकीजवळच्या भिंतीकडे. "आक्का, माझे राहू देत तिथं," त्या म्हणाल्या.

"अगं, समितीची बैठक आहे."

"तुम्ही व्हा पुढे. मी दुसरा बूट घालून येते. समिती काही माझे पाय दाबायला येत नाही."

दाराची घंटी वाजली. अध्यक्ष रस्त्यावरून जाताना काचेतून दिसले, बगलेत दोन लाकडी पाय घेऊन. कुणी हसलं नाही. निदान मी तरी नाही.

"अर्ध्या वर्षाचं काम गेलं," हातोडी आतल्या दारातून म्हणाला. उद्यापासून आपण चामड्याच्या पिशव्या शिवू, पट्टे शिवू, गावभर फिरून मापं घेऊ, असं आक्का म्हणाली. ती कधी इतकं सलग बोलत नाही, म्हणजे तिचीही खात्री नसावी. हातोडीनं मान वळवली आणि खिळ्यांचा डबा उचलला.

जिन्याकडच्या जुन्या खिळ्यावर आक्कानं साचे परत जाऊ दिले नाहीत. भिंतीच्या मधोमध बोट ठेवलं, माप देताना पोरं उभी राहतात त्याच्या बरोबर समोर. हातोडीनं तोंडातला एक खिळा काढला, पाहिला, परत तोंडात टाकला आणि डब्यातून जास्त लांबीचा शोधून काढला. तो त्यानं असा ठोकला की कप्प्यांवरचे बूट हलले. मग माझ्या हातातून साचे घेतले आणि गाठ ओढून पाहिली.

"दुहेरी मारलीत," तो दातांतून म्हणाला. "आता भिंतीवर कुठे चालायचंय त्यांना?"

"एकेरी त्याला पुरायची नाही," मी म्हणालो. "पहिल्याच जिन्यावर सुटायची."

हातोडीनं ती गाठ अंगठ्यानं आणखी एकदा दाबली आणि साचे खिळ्यावर चढवले.